वाचकांचे प्रश्न : घाटात ट्रायम्फ, किनाऱ्यावर एमजीबी

जुन्या गाड्यांविषयी या सदराकडे येणारी बहुतेक पत्रे सुटे भाग कोठे मिळतील, एवढेच विचारणारी असतात. या वेळी मात्र कोकणपट्टीतून आलेली चार पत्रे एकाच विषयाभोवती फिरणारी निघाली. एकाच काळात एकमेकींशी स्पर्धा करत विकल्या गेलेल्या ब्रिटिश स्पोर्ट्‌स गाड्यांपैकी आपल्याकडच्या रस्त्यावर सरस कोणती, हा तो विषय. पहिल्या पत्राचा आवाका मोठा असल्यामुळे त्याला अधिक जागा दिली आहे.

प्रश्न (एक वाचक, रत्नागिरी) : आमच्या घराण्यात दोन जुन्या उघड्या गाड्या आहेत. माझ्याकडे वडिलांची १९६३ सालची एमजीबी आहे आणि माझ्या थोरल्या चुलतभावाकडे १९६२ सालची ट्रायम्फ टीआर-४ आहे. मोठे इंजिन ते मोठेच, असे दादांचे म्हणणे असून, साखरपा सोडून आंबा घाटाला लागले की त्यांची गाडी दोन-तीन वळणांतच मला मागे टाकते, हे मला नाकारता येत नाही. परंतु गणपतीपुळ्याला जाताना आरे-वारेच्या रस्त्यावर हीच गाडी माझ्या मागे धडपडत येते, हे तेही नाकारू शकत नाहीत. आम्ही दोघेही साठीच्या पुढचे असल्यामुळे वाद हातघाईवर येत नाही. पण दर रविवारी पानावर बसले की तो निघतोच. त्या काळच्या इंग्रजी चाचण्यांतले आकडे प्रमाण मानावेत काय, आणि खरी चपळ गाडी कोणती?

उत्तर : आपण दोघेही जे प्रत्यक्ष पाहता तेच सांगत आहात, आणि दोन्ही अनुभवांची कारणे त्या गाड्यांच्या बांधणीत आहेत. गोंधळ होतो तो ‘चपळ’ या एका शब्दात दोन वेगळ्या गोष्टी कोंबल्यामुळे.

आधी कागदावरचे आकडे पाहू. टीआर-४ ही १९६१ साली कॉव्हेंट्रीहून बाजारात आली आणि एमजीबी त्यानंतर वर्षभराने, १९६२ मध्ये, ॲबिंग्डनच्या कारखान्यातून आली. टीआर-४ चे इंजिन २१३८ सीसीचे व सुमारे १०० अश्वशक्तीचे, तर एमजीबीचे १७९८ सीसीचे व सुमारे ९५ अश्वशक्तीचे. म्हणजे ३४० सीसीच्या फरकातून पदरात पडली ती जेमतेम पाच अश्वशक्ती, आणि त्यातलीही काही टीआर-४ च्या थोड्या जास्त वजनात खर्ची पडते. उभ्या गाडीने ताशी ६० मैल, म्हणजे सुमारे ९६ किलोमीटर, हा वेग गाठायला त्या काळच्या चाचण्यांत टीआर-४ ला अकरा सेकंदांच्या आसपास आणि एमजीबीला बारा सेकंदांच्या आसपास लागत. ताशी १०० मैलांचा टप्पा दोघीही ओलांडत. हे आकडे खोटे नाहीत. पण ते इंग्लंडच्या थंड हवेत, सपाट रस्त्यावर, नव्याकोऱ्या गाड्यांवर आणि गिअरबॉक्सची तमा न बाळगणाऱ्या चालकांनी घेतलेले आहेत. मे महिन्यातल्या दमट हवेत, साठ वर्षांच्या इंजिनावर, पुढे उसाचा ट्रक असताना त्यांचा उपयोग फारसा होत नाही.

दादांची बाजू भक्कम करणारा आकडा अश्वशक्तीचा नसून ओढीचा आहे. इंजिनिअर ज्याला टॉर्क म्हणतात आणि आपले मेस्त्री ज्याला नुसते ‘ओढ’ म्हणतात, ती टीआर-४ ला सुमारे १७२ न्यूटन-मीटर मिळते, आणि एमजीबीला सुमारे १४९. फरक पंधरा टक्क्यांचा आहे, आणि घाटात पंधरा टक्के ही थट्टा नव्हे. शिवाय टीआर-४ आपली पूर्ण शक्ती मिनिटाला ४६०० फेऱ्यांवर देऊन मोकळी होते, तर एमजीबीला त्यासाठी ५४०० फेऱ्यांपर्यंत ताणावे लागते. घाटात वळणावर वेग कमी करून पुन्हा उचलताना इंजिन बहुधा दोन ते साडेतीन हजार फेऱ्यांच्या पट्ट्यात असते. त्या पट्ट्यात दादांची गाडी गिअर न बदलता निघून जाते आणि आपण तिसऱ्यातून दुसऱ्यात येण्याच्या खटपटीत असता. आपण मागे पडता ते तेथे.

गिअरबॉक्सचा मुद्दा याहून बारीक आहे आणि माझ्या मते अधिक महत्त्वाचा आहे. टीआर-४ च्या चारही पुढच्या गिअरांना पहिल्यापासून सिंक्रोमेश, म्हणजे चालत्या गाडीत गिअर खरखराट न होता बसवणारी सोय, होता. एमजीबीच्या पहिल्या गिअरला तो १९६७ पर्यंत मिळाला नाही. आपल्या १९६३ च्या गाडीला तो नाही. एखाद्या आवळलेल्या वळणावर वरून एस.टी. उतरत असली आणि आपल्याला जवळजवळ थांबावे लागले, की दादा चालत्या गाडीत सहज पहिला गिअर टाकतात. आपल्याला एकतर गाडी पूर्ण थांबवावी लागते, नाहीतर क्लच दोनदा दाबून, मध्ये न्यूट्रलवर किंचित ॲक्सिलरेटर देऊन, दातांचा खरखराट न करता तो बसवावा लागतो. ही कला आपल्या वडिलांना नक्की येत असणार. दादांच्या गाडीला ओव्हरड्राइव्ह (कळ दाबताच त्याच गिअरात इंजिनाच्या फेऱ्या कमी करणारी जादा जोडणी) बसवलेला असल्यास तो दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या गिअरवर चालतो. एमजीबीत तो तिसऱ्या आणि चौथ्यावरच चालतो. दुसरा गिअर आणि तिसरा गिअर यांच्यामधली पायरी नुसती कळ दाबून मिळणे, ही घाटातली चैन आहे.

येथे एक गोष्ट सांगून ठेवतो, ती आपण जेवण आटोपल्यावरच दादांच्या कानी घालावी. ज्या इंजिनाचा त्यांना अभिमान आहे त्याचे मूळ घराणे शेतकऱ्याचे आहे. स्टँडर्ड कंपनीच्या या काढता-घालता येणाऱ्या ओल्या लायनरच्या (म्हणजे ज्यांना बाहेरून थेट पाणी लागते अशा सिलिंडर-नळ्यांच्या) चार सिलिंडर इंजिनाचे भाऊबंद फर्ग्युसनच्या करड्या ट्रॅक्टरमध्ये नांगर ओढत होते. खालच्या फेऱ्यांवरची ही ओढ आकाशातून पडलेली नाही. आपल्या एमजीबीचे इंजिनही काही राजघराण्यातले नाही. ते बी-सिरीज कुळातले आहे आणि त्याच कुळातले १४८९ सीसीचे इंजिन आपल्याकडे ॲम्बॅसडरमध्ये कित्येक वर्षे टॅक्सी ओढत होते. भाग जसेच्या तसे बसत नाहीत. पण जुन्या मेस्त्रीच्या हाताला ते इंजिन ओळखीचे वाटते, व्हॉल्व्हची फट कशी लावायची हे त्याला पुस्तकात पाहावे लागत नाही.

आता आपली बाजू. आरे-वारेचा रस्ता घाटासारखा सरळसोट चढत नाही. तो समुद्रावर येतो, टेकाड चढतो, माडांत उतरतो, मध्ये साकव ओलांडतो आणि पुन्हा वळतो. आणि पावसाळ्यानंतरच्या महिन्यांत त्याच्या कडा जांभ्याच्या भुग्यात मिसळलेल्या असतात. अशा रस्त्यावर इंजिनापेक्षा मागचा एक्सल काय करतो, याला महत्त्व येते. दोन्ही गाड्यांचा मागचा एक्सल अखंड आहे आणि दोन्हींना मागे पाटेच (लीफ स्प्रिंग) आहेत. फरक असा की टीआर-४ च्या चासीचे दांडे मागच्या एक्सलच्या खालून जातात. त्यामुळे एक्सलला खाली जायला जागा फार थोडी मिळते. गाडी एखाद्या उंचवट्यावरून उडाली किंवा वळणात एका बाजूला कलली, की आतल्या बाजूचे चाक रस्त्याचा पाठलाग करू शकत नाही आणि क्षणभर हलके होते. टीआर-४ मी स्वतः बऱ्यापैकी चालवली आहे. एका गावातल्या, रंग उडालेल्या गतिरोधकावर ती जराशा जास्त वेगाने घातली तेव्हा मागून असा ‘खण्ण’ आवाज आला की बाजूच्या गडग्यावर बसलेली मुले उठून उभी राहिली. काही मोडले नव्हते. एक्सल आपल्या मर्यादेवर जाऊन आदळला होता, एवढेच. ट्रायम्फलाही हा दोष ठाऊक होता. म्हणूनच १९६५ च्या टीआर-४ए मध्ये मागची चाके स्वतंत्र लटकवण्याची सोय आली.

एमजीबीत वेगळी चासी नाही. सगळा सांगाडा म्हणजे एकच पत्र्याची पेटी आहे. त्यामुळे ती उघडी गाडी असूनही खड्ड्यात कमी थरथरते, तिचा डॅशबोर्ड आणि काच एकमेकांपासून वेगळे होऊ पाहत नाहीत, आणि मागचे पाटे आपल्या लांबीनुसार मोकळे काम करतात. परिणामी त्याच खराब वळणावर आपला पाय ॲक्सिलरेटरवर राहतो आणि दादांचा सुटतो. किनाऱ्यावर आपण पुढे जाता ते इंजिनाच्या बळावर नव्हे, पाय उचलावा न लागल्यामुळे.

उताराचा विचार पत्रात नाही, पण तो करायला हवा. दोन्ही गाड्यांना पुढे डिस्क आणि मागे ड्रम आहेत, आणि आंबा घाट उतरताना कोणतीही सरस ठरत नाही. ठरते ती ज्याचे ब्रेक-ऑइल ताजे आहे ती. हे तेल हवेतली ओल शोषून घेते आणि कोकणात हवेला ओलीची कमतरता नाही. ओलावलेले तेल तापले की त्यात वाफ धरते आणि पायाखालचे पेडल अचानक कापसासारखे होते. ते दर वर्षी बदलावे. आणि पेट्रोल वाचवण्यासाठी घाटात न्यूट्रल मारण्याची सवय दोघांपैकी कोणाला असेल तर ती आजच सोडावी. ज्या गिअरात चढलात त्याच गिअरात उतरावे, हा आपल्याकडच्या जुन्या ड्रायव्हरांचा नियम या गाड्यांनाही लागू आहे.

मात्र हे सगळे दोन्ही गाड्या सारख्याच निरोगी आहेत असे गृहीत धरून लिहिले आहे, आणि माझा संशय तेथेच आहे. दोन्ही गाड्यांना दोन-दोन कार्बोरेटर असतात. ते दोघे सारखी हवा ओढत नसतील तर दोन सिलिंडर राबतात आणि दोन नुसते सोबत फिरतात. हे ओळखायला यंत्राची गरज नाही. हातभर लांबीची रबरी नळी घ्या, एक टोक कानाला लावा आणि दुसरे आळीपाळीने दोन्ही कार्बोरेटरांच्या तोंडाशी धरा. इंजिन संथ चालत असताना दोन्हीकडे एकाच पट्टीतला ‘सूं’ ऐकू आला पाहिजे. एकीकडे शीळ आणि दुसरीकडे कुजबुज असेल, तर जोडदांड्याचे स्क्रू सैल करून प्रत्येकाची फुलपाखरी झडप वेगळी लावावी लागते. त्यानंतर एस.यू. बनावटीचा कार्बोरेटर असेल तर वरची टोपी उघडून आतल्या दांड्याचे तेल पाहावे. हे तेल आटलेले असले की ॲक्सिलरेटर दाबताच पिस्टन उडी मारून वर जातो, मिश्रण पातळ होते आणि गाडी अडखळते. ‘पिकअप नाही’ अशी तक्रार घेऊन आलेल्या गाड्यांपैकी कितीतरी माझ्याकडून चहाचा चमचाभर तेल घेऊन समाधानाने परत गेल्या आहेत.

टायर हाही असाच चोर आहे. दादांच्या गाडीची चाके पंधरा इंची आणि आपली चौदा इंची, त्यामुळे खड्ड्यात त्यांना थोडा फायदा मिळायला हवा. पण त्यांचे टायर वीस वर्षांपूर्वीचे, वरून नक्षी शाबूत आणि आतून लाकूड झालेले असतील, तर तो फायदा उलटा होतो. उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीचे रबर झिजून संपण्याआधी वयाने संपते. तसेच लीव्हरच्या जुन्या शॉकॅब्सॉर्बरचे तेल गळलेले असल्यास एमजीबीही होडीसारखी डुलेल आणि माझे वरचे सगळे विवेचन खोटे पडेल.

खाऱ्या हवेबद्दल चार ओळी लिहिल्याशिवाय राहवत नाही, कारण गंज हासुद्धा रस्त्यावरच्या कामगिरीचाच भाग आहे. एमजीबीच्या दाराखालचा उंबरठा शोभेचा नाही. तीन थरांच्या पत्र्याची ती पेटीच गाडीची कणा-हाडे आहे. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांची एमजीबी पंक्चर काढायला एका गॅरेजात गेली, तेथल्या मुलाने जॅक लावला, आणि चाक उचलण्याऐवजी जॅकच आत गेला. गाडी खाली आणल्यावर डावे दार लागेना, कारण उंबरठ्याने साथ सोडताच सांगाडा मधून वाकला होता. वरून रंग सुरेख होता. टीआर-४ मध्ये भार चासी पेलते. बाहेरचे पत्रे बोल्टने बसवलेले असल्यामुळे कुजलेले मडगार्ड काढून नवे बसवता येते, मात्र चासीचे मागचे दांडे आतून कुजले तर ते वरून दिसत नाहीत. दोघांनीही पावसाळ्याच्या आधी आणि नंतर गाडी उचलून, बोटाने नव्हे तर स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने, खालचा पत्रा तपासावा. पोकळ झालेल्या गाडीत चाकांचे कोन जागेवर राहत नाहीत आणि मग वळणात कोण पुढे, या चर्चेला अर्थ उरत नाही.

तुलना करायचीच असेल तर अशी करावी. शर्यत लावू नये. सार्वजनिक रस्त्यावर वेगाची शर्यत लावणे मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे, आणि साठीनंतर तो करणे शोभतही नाही. दोन्ही गाड्यांची नोंदणी व्हिंटेज गाड्यांसाठीच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे ‘व्हीए’ मालिकेत केलेली असेल, तर त्या रोजच्या वापराला काढता येत नाहीत, हेही लक्षात ठेवावे. पहाटे सड्यावरचा एखादा सपाट, मोकळा तुकडा निवडावा. तिसऱ्या गिअरात ताशी ५० किलोमीटरवरून ८० वर यायला किती सेकंद लागतात ते शेजारी बसलेल्याने घड्याळावर मोजावे, आणि तेच उलट दिशेने पुन्हा करावे, म्हणजे वारा आणि उतार यांची वजावट होते. वेग गाडीच्या काट्यावर न पाहता मोबाइलमधल्या जीपीएसवर पाहावा. तुमचे दोन्ही काटे मैलांत आहेत आणि दोघांचीही खोटे बोलण्याची सवय वेगवेगळी असणार. पुढची पायरी सर्वांत अवघड आहे : गाड्यांची अदलाबदल करून हेच सगळे पुन्हा करावे. दादा आपली एमजीबी घेऊन आंबा घाट चढू देत आणि आपण त्यांची टीआर-४ आरे-वारेवरून न्यावी. माझा अंदाज असा की फरक निम्म्यावर येईल, आणि उरलेला निम्मा आजवर गाड्यांच्या नावावर जमा होत असला तरी तो चालकांचा होता, हे कळेल.

मला स्वतःला दोन्हींपैकी एक निवडायला सांगितले, तर रत्नागिरीत राहणाऱ्या माणसासाठी मी एमजीबी निवडीन, कारण त्याचे बहुतेक हिंडणे घाटाच्या खालीच असते. तोच माणूस घाटावरच्या मलकापूरला राहत असता तर उत्तर उलटे झाले असते.

प्रश्न (एक वाचक, सावंतवाडी) : आमच्याकडे पूर्वी आजोबांची स्टँडर्ड हेराल्ड होती. आता माझ्या मनात तिची नातलग असलेली ट्रायम्फ स्पिटफायर घ्यायचे आहे, पण मामा म्हणतात की एमजी मिजेट घे, स्पिटफायर आंबोलीच्या पावसात उलटेल. यात तथ्य किती?

उत्तर : मामांच्या बोलण्यात तथ्य आहे, पण ‘उलटेल’ हा शब्द जास्त झाला. १९६२ ची स्पिटफायर हेराल्डच्याच धाटणीच्या चासीवर उभी आहे : मागे आडवा पाटा आणि दोन्ही बाजूंना झुलणारे अर्धे एक्सल. वेगात वळणात शिरून मध्येच घाबरून ॲक्सिलरेटर सोडला, की गाडीची मागची बाजू उचलली जाते, बाहेरचे चाक आत दुमडते आणि गाडीचा मागचा भाग झटक्यात बाहेर पडू पाहतो. ओल्या रस्त्यावर हे लवकर घडते, आणि आंबोलीचा रस्ता पावसाळ्यात ओला नाही असा दिवस मला आठवत नाही. यावरचा उपाय चालकाच्या पायात आहे. वेग वळणाच्या आधी कमी करावा आणि वळणात पाय हलकासा दाबून ठेवावा. १९७० च्या मार्क-४ पासून कंपनीने आडवा पाटा वेगळ्या रीतीने बसवून हा दोष बराचसा काढला. मिळाल्यास तीच घ्यावी.

मिजेटचा मागचा एक्सल अखंड असल्यामुळे ती अशी दगा देत नाही. घसरली तरी आधी सांगून घसरते. पण घाटाच्या आवळ वळणावर स्पिटफायरची गंमत मिजेटला येणार नाही. हेराल्ड जशी जागच्या जागी रिक्षासारखी वळायची, तशीच स्पिटफायरही जेमतेम साडेसात मीटरच्या वर्तुळात वळते; आपल्या आजोबांनी हे अनेकदा शेजाऱ्यांना दाखवले असेल. शिवाय तिचे पूर्ण बॉनेट पुढच्या बाजूला उघडते, त्यामुळे पुढच्या चाकावर बसून इंजिनात हात घालता येतो. मिजेटमध्ये डोके खुपसावे लागते. हेराल्ड मद्रासला बनत असल्यामुळे तिच्या जातीचे काही भाग अजून जुन्या दुकानांच्या माळ्यावर सापडतात, हा विचारही आपल्या बाजूने आहे. सावकाश चालवणार असाल तर स्पिटफायर घ्या. भाचा तरुण आहे एवढ्याच कारणाने मामा काळजी करत असतील, तर त्यांना हे उत्तर वाचून दाखवा.

प्रश्न (एक वाचक, चिपळूण) : जॅग्वार एक्सके-१२० मधला १२० हा आकडा कशाचा, आणि ती इतकी वेगवान होती तर कुंभार्ली घाटात ट्रायम्फ टीआर-३ ने तिला गाठणे शक्य होते काय?

उत्तर : तो ताशी १२० मैलांचा आकडा आहे. १९४८ साली ही गाडी लंडनच्या प्रदर्शनात आली तेव्हा लोकांचा त्यावर विश्वास बसेना. पुढच्या वर्षी बेल्जियममधील याबेकच्या सरळ महामार्गावर ती ताशी १३२ मैलांहून अधिक, म्हणजे २१३ किलोमीटरच्या आसपास, वेगाने धावली. ३४४२ सीसीचे, सहा सिलिंडरांचे आणि १६० अश्वशक्तीचे इंजिन तिच्यात होते. चढणीवर १९९१ सीसीची टीआर-३ तिच्या आसपासही येणार नाही. मात्र कुंभार्ली उतरताना पारडे फिरेल. एक्सके-१२० ला चारही चाकांना ड्रम ब्रेक होते, आणि पाच-सहा वळणे सलग ब्रेक लावल्यावर तापलेला ड्रम प्रसरण पावतो, पकड सैल होते, पेडल खाली जाते. १९५६ पासून टीआर-३ ला पुढे डिस्क ब्रेक आले. डिस्क उघडी असल्यामुळे वारा तिला गार ठेवतो. पोफळीला खाली पोचेपर्यंत जॅग्वारचा चालक घाम पुसत असेल.

प्रश्न (एक वाचक, गुहागर) : गाडीत नवे पेट्रोल घातल्यापासून माझी एमजीबी पहिल्यासारखी ओढत नाही, गरम झाल्यावर बंद पडते, आणि मित्राच्या टीआर-४ चा त्रास तर याहून जास्त आहे. तवसाळच्या फेरीबोटीत गाडी चढवताना दोघांचीही फजिती झाली. गाड्या म्हाताऱ्या झाल्या असे समजावे काय?

उत्तर : नाही. सध्या मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश इतकीच ऊर्जा असते आणि त्याला हवा कमी लागते, त्यामुळे जुन्या मापाने लावलेला कार्बोरेटर पातळ मिश्रण देऊ लागतो. एस.यू. कार्बोरेटरखाली जेटचा, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक नळीचा, षटकोनी नट असतो. इंजिन गरम असताना तो एका वेळी एकच पैलू खाली फिरवावा, दोन्ही कार्बोरेटरांचा सारखाच, आणि दर वेळी गाडी चालवून पाहावी. दोन-तीन पैलूंत फरक कळतो.

गरम झाल्यावर बंद पडण्याचे कारण बहुधा पेट्रोलच्या नळीत धरणारी वाफ. मित्राला त्रास जास्त होतो याचेही कारण आहे. टीआर-४ चा पंप इंजिनाच्या अंगालाच चिकटलेला आणि इंजिनावरच चालणारा आहे, त्यामुळे तो इंजिनासोबत तापतो. एमजीबीचा विजेचा पंप मागे, इंजिनापासून दूर असतो. किल्ली फिरवल्यावर मागून येणारी टिकटिक थोड्या वेळाने थांबत असेल तर तो ठीक आहे. ती थांबतच नसेल तर कोठेतरी हवा किंवा गळती आहे. दोघांनीही जुन्या रबरी नळ्या काढून इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या घालाव्यात, कारण जुने रबर आतून मऊ होऊन सोलते आणि त्याचे कण जेटमध्ये अडकतात.

फेरीबोटीसाठी भरतीची वेळ पाहून निघावे. ओहोटीला जेटीचा उतार आणि बोटीची फळी यांच्यामध्ये मोठा कोन पडतो आणि तेथेच सायलेन्सर घासतो. गाडीतली माणसे उतरवावीत, सामान काढावे आणि गाडी जराशी तिरकी घालावी, म्हणजे एका वेळी एकच चाक कोनावर येते. मिरगाच्या आधी गाडी उभी करणार असाल तर टाकीत हे पेट्रोल ठेवू नका. ते हवेतले पाणी ओढून घेते, पाणी तळाशी बसते, आणि सप्टेंबरात टाकीच्या झाऱ्यातून तांबडा गाळ निघतो.